दिवसा हातोडी, रात्री ज्योत

चिमे, सुट्टी लागली की पहिलं काम हे कर. गॅसचा टॉर्च उचल आणि वरच्या कपाटात कुलूप लावून ठेव. पोरं झोपेपर्यंत तो खाली येणार नाही. बाकी सगळं टेबल उघडं राहू दे.

काम बंद कर म्हणून नाही सांगत. उलट, बंद पडू नये म्हणून सांगतेय. नाताळची सुट्टी आली की तुझं दरवर्षी एकच. आधी "जमेल गं ताई" म्हणतेस. मग दुसऱ्याच दिवशी सांध्याला झाळ देता देता दारावरची बेल वाजते, आतून धाकटा ओरडतो, सासूबाई विचारतात कुकर लावायचा का, आणि तू वैतागून सगळं गुंडाळून ठेवतेस ते थेट शाळा उघडेपर्यंत. पुढे जानेवारीत रात्री जागून वाणाच्या ऑर्डरी संपवायच्या, डोळे लाल करून हळदीकुंकवाला जायचं आणि वर मला फोन करून रडायचं. या वेळी तो फोन नको.

आपल्या कामात दोन जाती आहेत, बघ. एक, हातातलं टाकून उठता येणारं काम. दुसरं, ज्यातून उठताच येत नाही असं. पत्रा कापणं, कानस मारणं, मठारणं, तार वळवणं, रिव्हेट ठोकणं, घासूनपुसून चमक आणणं, यांतलं काहीही अर्धवट टाकून तू पोळ्या लाटायला गेलीस तरी तांबं रुसत नाही. संध्याकाळी परत बसलीस तर ते सकाळी होतं तसंच असतं. ज्योतीचं तसं नाही. तुझ्या त्या चांदीच्या डुलांचंच बघ ना. 925 ची चांदी 900 अंशांच्या आतच पुरती वितळते, आणि कडक झाळ साडेसातशेच्या आसपास वाहायला लागते. मधलं अंतर पार व्हायला आणि "आई गं, हा बघ मला मारतोय" अशी हाक यायला साधारण सारखाच वेळ लागतो. तांबं त्या मानानं समजूतदार, त्याला वितळायला 1085 अंश लागतात. पण लालसर झालेलं तांबं काळं पडलं की गार झाल्यासारखंच दिसतं, आणि पोरांना ते कुठे कळतं?

म्हणून दिवसा फक्त थंड काम. ज्योतीचं सगळं रात्री.

रात्रीचं आणखी एक कारण आहे, आणि ते घरच्या सोयीचं नाही, धातूचं आहे. ठोकून ठोकून तांबं ताठरतं, हे तुझ्या मनगटाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. ते पुन्हा तापवून मऊ केल्याशिवाय पुढे ठोकलं तर कडेला चिरतं. मऊ करताना हवा असतो मंद लाल रंग, आणि तो भर दुपारच्या उजेडात बाल्कनीत दिसतच नाही. दिसेपर्यंत तू जास्तच तापवलेलं असतं. डिसेंबरात अंधार लवकर पडतो. पोरं झोपली की मोठा दिवा बंद करून कोपऱ्यातला छोटा लाव, आणि दिवसभरात ताठरलेली सगळी पानं, पट्ट्या एका बैठकीत ओळीनं तापवून घे. तांबं लाल असतानाच पाण्यात टाकलंस तरी बिघडत नाही, ते काही पोलाद नव्हे. पितळ मात्र आपलं आपण गार होऊ दे. ज्या सांध्यांना झाळ हवी ते टाकणखार लावून त्याच बैठकीत. सकाळी उठशील तेव्हा दिवसभर ठोकायला पुरेल एवढा मऊ माल टेबलावर तयार.

आणि रात्री हातोडी नाही, हे शेजाऱ्यांसाठी. ज्योत कुणाची झोप मोडत नाही. पुण्याच्या तांबट आळीत दिवसभर ठणठण चालते, कारण तिथे घरोघर तेच चालतं. कसब्यातली ती त्वष्टा कासारांची वस्ती पेशवाईपासूनची. अख्ख्या आळीचा कान त्या आवाजाला सरावलेला. तुझी सोसायटी काही तांबट आळी नाही. तुझ्या खालच्या मजल्यावरचे काका दुपारी दोन ते चार झोपतात, तेवढ्यात कानस आणि पॉलिश उरकून घे. मठारकाम सकाळी. मठारकामाची एक गंमत अशी की ते तुकड्यातुकड्यानं करता येतं. एक ओळ ठोके, उठली, चहा टाकला, पुढची ओळ. फक्त उठण्यापूर्वी शेवटच्या ठोक्यापाशी मार्करची खूण कर, नाहीतर आल्यावर लय सापडत नाही आणि ठशांची ओळ वाकडी जाते.

आता थंडीचं. यात माझं ऐकच. थंडी वाजते म्हणून खिडक्या लावून ज्योत पेटवायची नाही. रात्री तर नाहीच नाही. पितळ जास्त तापलं की त्यातलं जस्त वाफ होऊन निघतं, आणि तो पांढरा धूर छातीत गेला की रात्री हुडहुडी भरून ताप येतो. तुला वाटेल सर्दीच झाली. त्याहून वाईट म्हणजे केडीएमची झाळ. सराफाच्या तोंडून तू हा शब्द लाख वेळा ऐकला असशील, पण त्यातलं कॅडमियम हे विष आहे. त्याचा धूर फुप्फुसांना आणि मूत्रपिंडांना खातो. कुणी स्वस्तात दिली तरी ती झाळ घरात आणू नकोस, लेकरांच्या घरात तर नाहीच. घेताना कॅडमियम नसलेली म्हणून विचारून घे. दुकानदारानं खांदे उडवले तर दुसरं दुकान बघ. खिडकी उघडी, टेबलापाशी पंखा बाहेर तोंड करून, आणि अंगात सुती पूर्ण बाह्या. तो गुलाबी ॲक्रिलिकचा स्वेटर तुला फार आवडतो, माहीत आहे मला, पण ठिणगी पडली तर तो वितळून कातडीला चिकटेल. ओढणी खुंटीला.

गार हवेत तुझा तो लहानसा ब्यूटेनचा टॉर्च मिणमिणता पेटेल, घाबरू नकोस. थंडीत आतला गॅस नीट वर येत नाही. दिवसभर घरातच ठेवलेला असेल तर रात्री बरा चालतो. त्याला ऊन पाण्यात बुडवणं, शेगडीजवळ ठेवणं असले उद्योग करायचे नाहीत. राळेचंही तेच. उठावाच्या कामाची राळ थंडीत काचेसारखी तडकते. हिवाळ्यापुरतं तिच्यात थोडं जास्त तेल मिसळ आणि मऊ करून घे, मगच पोगर चालव.

पोरांना टेबलापासून किती लांब ठेवायचं, यावर तू आणि मी नेहमी भांडतो. मी म्हणते, लांब ठेवूच नकोस. पण त्यांना खोटं काम देऊ नकोस. एक पत्र्याचा तुकडा द्यायचा आणि "खेळा यात" म्हणायचं, याला पोरं दहा मिनिटांत कंटाळतात, आणि मग त्यांना तुझीच हातोडी हवी असते.

तुला अलेक्झांडर कॅल्डरचं सांगते. छताला टांगलेले, वाऱ्यानं हलणारे मोबाइल ज्यानं केले तोच. 1898 चा जन्म. बाप शिल्पकार, आई चित्रकार, म्हणजे घरात पसारा किती असेल बघ. पण त्या पसाऱ्यात पोराला स्वतःचं कामाचं टेबल होतं, हत्यारं होती. सापडलेल्या तांब्याच्या तारांचे तो मोठ्या बहिणीच्या बाहुल्यांसाठी दागिने करायचा. (मोठ्या बहिणी कधी कधी कामाला येतात, हे लक्षात असू दे.) 1909 च्या नाताळात, अकरा वर्षांचा असताना, त्यानं आईबापांना भेट म्हणून पितळी पत्र्याचं एक कुत्रं आणि एक बदक दिलं. पत्रा कापलेला आणि नुसता वाकवलेला. बदकाला टिचकी मारली की ते डोलतं. झाळ नाही, ज्योत नाही. एका सपाट तुकड्यातून घड्या घालून उभा केलेला जीव. आईबापांनी ते "छान हं" म्हणून कुठे टाकून दिलं नाही. ती दोन्ही आजही आहेत, आणि पुढे जगभर गाजलेल्या त्या हलत्या शिल्पांची गोष्ट सांगणारे लोक हटकून त्या बदकापासून सुरुवात करतात.

मला त्याच्यातलं खरं आवडतं ते पुढचं. मोठेपणी त्यानं दागिने केले, शेकड्यांनी केले, आणि बरेचसे घरच्यांना नि मित्रांना वाटले. लग्न ठरलं तेव्हा लुईझाला द्यायची सोन्याची अंगठीही स्वतःच वळवली. त्याचे दागिने बघितलेस तर झाळ क्वचितच सापडते. तार ठोकून चपटी करायची, वळवायची, एकीत एक अडकवायची, फार तर रिव्हेट मारायचा. कनेटिकटमधल्या त्यांच्या शेतावरच्या घरात स्वयंपाकघरातले झारे, डाव, टांगायच्या आकड्या अशा किती तरी वस्तू त्याच्याच हातच्या होत्या. मुलींसाठी रिकाम्या डब्यांच्या पत्र्याची खेळणी. लुईझा त्याच्या चित्रांवरून गालिचे करायची. घर आणि काम यांच्यामध्ये त्या माणसानं दार बसवलंच नव्हतं. 1955 च्या जानेवारीत गिरा साराभाईंच्या बोलावण्यावरून तो अहमदाबादला आला तेव्हाही लुईझा सोबत होती, आणि साराभाईंच्या आवारात बसून त्यानं शिल्पंही केली, दागिनेही केले. परक्या गावात, पाहुणा म्हणून आलेला. थंड काम असं कुठेही मांडून बसता येतं.

मी त्याला फार डोक्यावर घेतेय असं वाटेल. हेही खरं की त्याच्या स्वयंपाकघरात झारे त्यानं केले असले तरी ते रोज चालवत कोण होतं, हे मला न विचारता कळतं. तुझ्यामाझ्यासारखीचा दिवस त्याच्यासारखा मोकळा नसतो. पण त्याची ती झाळीशिवायची रीत आपण उचलूच शकतो. वाणाची यंदाची डिझाइन्स अशी काढ की सांधा लागणारच नाही. एका पत्र्यातून वाकवलेलं आंब्याचं पान, त्यावर मठारलेल्या शिरा. फार तर एक रिव्हेट आणि त्यावर फिरणारी चिमणी. तारेचा तुकडा भोकात घट्ट बसला पाहिजे, दोन्ही बाजूंनी तारेच्या जाडीच्या निम्मा बाहेर ठेव आणि हलक्या हातानं कडेकडेनं ठोकत जा, एकदम घाव घातलास तर तार आत वाकते. वाट्या करू नकोस. बायका त्यात तिळगूळ भरून ठेवतील, नंतर कोणी लोणचं घालेल, कल्हई नसलेलं तांबं हिरवं पडेल, आणि नाव तुझं खराब होईल.

पोरांना या खऱ्या ऑर्डरीतलं खरं काम दे. थोरलीला 28 गेजचा पत्रा साध्या दणकट कात्रीनं कापता येतो. तिनं पानं कापावी, कापल्यावर कडा तू कानशीनं मारून द्याव्या, कारण कापलेल्या पत्र्याची धार ब्लेडपेक्षा कमी नसते. धाकट्यानं चिंच लावून चमकवावं. मोडलं, वाकडं झालं तर बाजूला काढायचं, ओरडायचं नाही, पण गोड बोलून ते ऑर्डरीतही घुसवायचं नाही. पोरांना फरक कळतो. डोळ्यांवर गॉगल तिघांनाही, तुला सुद्धा. मठारताना कानावर मफ, आणि पोरं जवळ असतील तर त्यांच्याही. काळं काढायचं सायट्रिक ॲसिडचं पाणी पाण्याच्या बाटलीत भरून ठेवायचं नाही, मेली तशी सवय तुला आहे. झाकणाची बरणी, वर मोठ्या अक्षरात नाव, वरच्या फळीवर. आणि त्यात लोखंडी चिमटा घालू नकोस, घातलास तर पुढच्या चांदीवर तांब्याचा लालसर थर चढेल.

सासूबाईंचं एक सांगते, कुणाला बोलू नकोस. त्यांना आवाजाचा त्रास होतो असं तू म्हणतेस. मला वाटतं त्यांना त्रास होतो तो सुनेचा वेळ कुठे जातो हे न कळण्याचा. त्यांना हिशेब दाखव. किती नग, नगाला काय मिळतं, पत्र्याचे किती गेले, हातात काय राहिलं. आमच्याकडे वही पाहिल्यावर घरातला सूर बदलला होता. कुकर लावणारे हात आपोआप पुढे आले, असं मी म्हणणार नाही, पण कुकर कधी लावायचा हे विचारायला तरी बाल्कनीत येणं थांबलं. तुझ्या अहोंना सकाळचे दोन तास पोरांना मैदानावर न्यायला सांग. "मदत कर" म्हणू नकोस, "दहा ते बारा पोरं तुझी" एवढंच म्हण. बारा वाजता सगळी घरी, मग तू ऊठ आणि खुशाल सगळ्यांबरोबर जेव. त्या वेळेत मोबाइलवर गिऱ्हाइकांना उत्तरं देत बसू नकोस.

गिऱ्हाइकांवरून आठवलं. सगळ्यांना संक्रांतीच्या आदल्या दिवशीच माल हवा असं तू धरून चालतेस. विचारून तरी बघ. हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं. निम्म्या बायकांचं हळदीकुंकू संक्रांतीनंतरच्या शनिवार-रविवारीच असतं. त्यांना सरळ सांग, शाळा उघडल्यावर देईन. ज्यांना आधीच हवं त्यांच्याकडून अर्धे पैसे आत्ता घे आणि नवीन ऑर्डर नाताळाच्या आठवड्यात घेऊच नकोस, मग ती मावशीची का असेना.

रविवारी मी येतेय. पत्रा आणि कात्र्या माझ्याकडच्या आणते, लहान गॉगल तुझ्या इथल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतील ते तू आणून ठेव. जेवायला काही खास करू नकोस, पिठलं-भात पुरे. आल्या आल्या आधी बाल्कनीतली जागा मोकळी करू, तो जुना सायकलचा सांगाडा कुणाला तरी देऊन टाक म्हणून मी गेल्या वर्षीपासून सांगतेय.