प्रकाश एकच



धर्मशिक्षणाच्या वर्गात एका मुलाने विचारले, "फादर, येशू स्वतःला जगाचा प्रकाश म्हणतो (योहान ८:१२) आणि आपल्यालाही तेच म्हणतो (मत्तय ५:१४). मग खरा प्रकाश कोणाचा?" प्रश्न चांगला आहे. उत्तरासाठी थोडे आकाशाकडे पाहू या.

सूर्य हा तारा आहे. तो स्वतः प्रकाश निर्माण करतो. तो प्रकाश शुक्रापर्यंत पोहोचायला सुमारे ६ मिनिटे, पृथ्वीपर्यंत यायला ८ मिनिटे २० सेकंद, तर गुरूपर्यंत जायला सुमारे ४३ मिनिटे लागतात. ग्रह आलेल्या प्रकाशातील काही भाग शोषून घेतात आणि उरलेला परत पाठवतात. परत आलेला तोच प्रकाश आपल्याला दिसतो. शुक्राची चांदणी एवढी तेजस्वी दिसते, कारण तिच्यावरील ढगांचा दाट थर जवळजवळ तीन-चतुर्थांश प्रकाश माघारी पाठवतो.

हे कसे कळले? १६१० साली गॅलिलिओला दुर्बिणीतून शुक्राच्या चंद्रासारख्या कला दिसल्या. शुक्र स्वयंप्रकाशी असता, तर तो नेहमी पूर्ण गोल दिसला असता. १६११ साली रोममधील येशूसंघीय महाविद्यालयातील फादर क्लाव्हियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीही या निरीक्षणाला दुजोरा दिला.

आता आपला चंद्र पाहा. तो ग्रह नव्हे, पृथ्वीचा उपग्रह. पण नियम तोच. चंद्र सरासरी केवळ १२ टक्के प्रकाश परावर्तित करतो. म्हणजे त्याची जमीन जुन्या डांबरी रस्त्यासारखी काळपट आहे! तरीही पौर्णिमेच्या रात्री त्याच्या उजेडात वाट दिसते.

मागे एका भावाला मी आजाऱ्यांना भेटायला सोबत बोलावले. तो म्हणाला, "फादर, माझा भूतकाळ तुम्हाला ठाऊक नाही. मी कोणाला काय प्रकाश देणार?" त्या वेळी मला नीट उत्तर सुचले नाही. आज मी त्याला चंद्र दाखवीन. आधी दगड उजळ होतो आणि मग सूर्य त्याच्यावर पडतो, असे घडत नाही. चंद्राला ग्रहण लागते तेही तो काळा आहे म्हणून नव्हे. सूर्य आणि त्याच्यामध्ये पृथ्वी येते म्हणून. आपल्या आणि प्रभूच्या मध्ये जे आले असेल, ते दूर करण्यासाठीच प्रायश्चित्त संस्कार आहे.

दुसरा धोका मला स्वतःला अधिक ओळखीचा आहे. प्रवचनाचे कौतुक झाले की उजेड आपलाच वाटू लागतो. बाप्तिस्मा करणाऱ्या संत योहानाला तसे वाटले नाही. तो प्रकाशाविषयी केवळ साक्ष द्यायला आला होता (योहान १:६-८). संत अँब्रोज यांनी ख्रिस्तसभेला चंद्राची उपमा दिली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६४ सालच्या ख्रिस्तसभेवरील दस्तऐवजाची सुरुवातही राष्ट्रांचा प्रकाश ख्रिस्त आहे, या घोषणेने होते.

म्हणून त्या मुलाला माझे उत्तर असे: बाळा, प्रकाश एकच आहे. तो ख्रिस्ताचा. आपण त्याच्याकडे तोंड करून राहायचे. ज्याची वाट अंधारात आहे, त्याला आपोआप उजेड मिळेल.

चिंतनासाठी: माझ्या आणि प्रभूच्या मध्ये सध्या काय आले आहे? माझ्या घरात, वाडीत कोणाची रात्र काळोखी आहे?

आपला धर्मगुरू