मुरलेला कोड

प्रश्न: रबाळ्याच्या एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. बिलं, स्टॉक, हिशेब, सगळं ईआरपीनेक्स्टवर चालतं. ते ओपन सोर्स आहे, त्याचा कोड कोणीही बदलू शकतं, असं ऐकलं. मग उद्या कुणी काही बदललं आणि आमची बिलं चुकली तर? दुसरीकडे, जीएसटी बदलला की आम्हाला बदल त्याच दिवशी हवा असतो. घाई आणि खात्री एकत्र कशी मिळणार?
– एक वाचक, नवी मुंबई

उत्तर: आधी त्या ‘कोणीही’ शब्दाकडे पाहू. ईआरपीनेक्स्ट मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं आणि जीपीएल परवान्याखाली खुलं. त्याची प्रत घेऊन हवं ते करायची मुभा सगळ्यांना आहे, तुम्हालाही. पण तुमचा बदल मूळ कोडमध्ये जायचा तर तो पुल रिक्वेस्ट म्हणून मांडावा लागतो. काढलेल्या ओळी लाल, घातलेल्या हिरव्या दिसतात. ठरलेल्या चाचण्या आपोआप चालतात. मग मेंटेनर, म्हणजे तो भाग सांभाळणारा माणूस, वाचून मंजुरी देतो, नाहीतर प्रश्न विचारतो.

प्रश्न कसले, ते तुमच्याच बिलावर बघा. परराज्यातलं गिऱ्हाईक, बिलात तीन ओळी, प्रत्येकी १०.३० रुपये, आयजीएसटी १८ टक्के. एका ओळीचा कर १.८५४, म्हणजे १.८५, तिन्हींचा मिळून ५.५५. आता आधी बेरीज करा: ३०.९० वर कर ५.५६२, म्हणजे ५.५६. एका पैशाचा फरक! दोन्ही रीती आपापल्या जागी बरोबर आहेत. पण कुणी ‘सुधारणा’ म्हणून एकीच्या जागी दुसरी घातली, तर हजारो दुकानांची जुनी बिलं नव्या बेरजेशी जुळणार नाहीत. चांगला मेंटेनर इथेच हात धरतो आणि म्हणतो, जुनं आहे तसं राहू दे, नवं हवं त्याने निवडावं. ईआरपीनेक्स्टच्या अकाउंट्स सेटिंग्जमध्ये ओळवार राउंडिंगसाठी वेगळी चौकट आहे, ती या विचाराने ठेवलेली योग्यच वाटते.

असं वाचायला वेळ लागतो. कोड लिहिणारे पुष्कळ, तो मन लावून वाचणारे थोडे. ओपन सोर्समधला बराचसा उशीर इथे होतो आणि मला तो उशीर पटतो.

तरी एका वाचनावर विसंबू नये. इंटरनेटवरची देवाणघेवाण गुप्त ठेवणाऱ्या ओपनएसएसएल लायब्ररीतली हार्टब्लीड ही चूक एकाने लिहिली, दुसऱ्याने तपासली आणि दोघांच्याही नजरेतून सुटली. समोरच्याने संदेशाची सांगितलेली लांबी खरी आहे का, एवढं पाहायचं राहिलं होतं. मार्च २०१२ मध्ये ती आवृत्ती बाहेर पडली आणि चूक जगजाहीर झाली एप्रिल २०१४ मध्ये.

म्हणून दुसरा पहारा काळाचा. लोणच्यासारखा कोडही मुरावा लागतो. डेबियन लिनक्समध्ये नवं पॅकेज आधी ‘अनस्टेबल’मध्ये येतं, तिथे टिकलं तर ‘टेस्टिंग’मध्ये आणि साधारण दोन वर्षांनी सगळ्याची मिळून ‘स्टेबल’ आवृत्ती निघते. या मुरण्याचा उपयोग एकदा नीट दिसला. २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या छोट्या लायब्ररीत विश्वास कमावलेल्या एका मेंटेनरनेच चोरदार ठेवलं. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, याच्या मागे अँड्रेस फ्रॉइंड हा अभियंता लागला आणि २९ मार्चला त्याने ते चोरदार उघड केलं. तोवर तो कोड डेबियनच्या अनस्टेबल आणि टेस्टिंगमध्ये पोचला होता, स्टेबलपर्यंत पोचला नव्हता. जुनी आवृत्ती वापरणाऱ्यांना आपण मागासलेले समजतो. त्या दिवशी तेच सुरक्षित होते.

ईआरपीनेक्स्टमध्येही ‘डेव्हलप’ ही नव्या कामाची शाखा आहे आणि ‘व्हर्जन-१५’सारख्या शाखा रोजच्या धंद्यासाठी. दुरुस्ती सहसा आधी डेव्हलपमध्ये होते, मग आवृत्तीच्या हॉटफिक्स शाखेत उतरते आणि तिथून तुमच्यापर्यंत येते. कन्सल्टंट ‘डेव्हलपवर धंदा चालवू नका’ म्हणत असेल, तर त्याचं ऐका.

मग जीएसटीची घाई? जीएसटी कौन्सिलने ३ सप्टेंबर २०२५ ला दर बदलायचं ठरवलं आणि २२ तारखेपासून बहुतेक वस्तू ५ आणि १८ टक्क्यांत आल्या. हातात १९ दिवस. दर कोडमध्ये कोरलेले असते तर त्या १९ दिवसांत लिहिणं, वाचणं, मुरणं सगळं उरकावं लागलं असतं. पण दर टॅक्स टेम्प्लेटमध्ये असतो. तो तुमचा अकाउंटंट बदलतो, प्रोग्रॅमर नाही. रिटर्न, ई-इनव्हॉइस, ई-वे बिल यांचे नियमही सारखे हलतात. त्यांचा कोड चौदाव्या आवृत्तीपासून मूळ ईआरपीनेक्स्टमधून काढून ‘इंडिया कम्प्लायन्स’ या वेगळ्या ॲपमध्ये ठेवला आहे. तो आपल्या गतीने बदलतो आणि खातेवहीच्या मूळ कोडला रोज हात लागत नाही. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर मला या विभागणीत दिसतं. जे रोज हलतं आणि जे हलता कामा नये, ते एकाच खोलीत ठेवलं की तपासणारा कितीही हुशार असो, तो थकतो.

तुमच्याकडून दोन गोष्टी. अपडेट आधी डेटाच्या प्रतीवर चालवा, मागच्या महिन्याची दहा बिलं काढून जुन्यांशी ताडून बघा आणि ११ व २० तारखेच्या, म्हणजे रिटर्नच्या तोंडावर मूळ सर्व्हरला हात लावू नका. आणि चूक सापडली तर कन्सल्टंटला फोन करून थांबू नका, प्रकल्पाकडे नोंदवा. त्यासाठी पायथॉन यावं लागत नाही. आवृत्ती कोणती, तीन ओळी प्रत्येकी १०.३० च्या, आयजीएसटी १८ टक्के, ओळवार राउंडिंग बंद, यायला हवे ५.५६, आले ५.५५. इतकं नेमकं लिहिलंत तर मेंटेनरचं निम्मं काम रबाळ्यातच झालेलं असेल.