रेशनचे धान्य पोट भरते, ताट कोण भरणार?



हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची १७ मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. रोज साधारण २००० कॅलरी लागणाऱ्या माणसाचे दिवसाचे ताट त्यात असे सांगितले आहे: धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्ये ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम (त्यात पालेभाजी १०० ग्रॅम), फळे १०० ग्रॅम, दूध किंवा दही ३०० मिली, शेंगदाणे-तीळ यांसारख्या बिया ३५ ग्रॅम आणि तेल-तूप २७ ग्रॅम. मांसाहारी माणसाने डाळीचा काही भाग अंडी, मासे, मटणाने भरून काढला तरी चालतो.

आता आपले ताट पाहू. प्राधान्य कुटुंबाच्या रेशनकार्डावर माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळते, म्हणजे दिवसाला सुमारे १६५ ग्रॅम. ते आपला हक्क आहे, ते सोडायचे नाही. पण त्यात डाळ नाही, भाजी नाही, अंडे नाही. पाच माणसांच्या घरात सांगितल्याप्रमाणे डाळ शिजवायची तर रोज पावणेदोन पाव लागेल. एवढी डाळ वस्तीतल्या किती घरांत शिजते? त्यामुळे भात-चपाती वाढते आणि कालवण पातळ होत जाते. पोट भरते, पण अंगात रक्त भरत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांत रक्त कमी आढळले. पाच वर्षांखालच्या मुलांत हे प्रमाण ६९ टक्के आहे. दम लागणे, चक्कर येणे, मुलीचे अभ्यासात लक्ष नसणे यांना आपण ‘अशक्तपणा’ म्हणून सोडून देतो. तो आजार आहे. सरकारी दवाखान्यात रक्त तपासून घ्या. लोहाच्या गोळ्या तिथे मोफत मिळतात. गोळीने शौच काळी झाली तर घाबरून गोळी बंद करू नका.

कमी पैशात काय करता येईल?

- तीन मुठी तांदळाला एक मूठ डाळ, हे माप खिचडीला लक्षात ठेवा. धान्य आणि डाळ एकत्र खाल्ली की प्रथिने चांगली मिळतात.
- मटकी, चवळी, हरभरा भिजवून मोड आणा. वर लिंबू पिळा, कारण आंबट पदार्थामुळे लोह अंगी लागते.
- जेवणाआधी आणि जेवणानंतर तासभर चहा नको. चहामुळे जेवणातले लोह वाया जाते.
- तांदुळजा, माठ, शेवग्याचा पाला, अंबाडी यांपैकी जे स्वस्त मिळेल ते रोज ताटात हवे.
- मुलाच्या हातात पाच रुपयांचे कुरकुरीत पाकीट देण्याऐवजी मूठभर शेंगदाणे-फुटाणे किंवा एक केळे द्या.
- मीठ माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे सपाट चमचाभरापेक्षा कमी हवे. लोणचे, पापड, फरसाण यांतले मीठही त्यातच मोजायचे. तळून उरलेले तेल पुन्हा तळणीला वापरू नका.

आपल्या अन्नाची लाज कशाला?

सुकट, जवळा, वजडी, कलेजी, रक्ती यांवर आपल्या आजी-पणजीने घरे जगवली. त्याच अन्नावरून लोकांनी आपल्याला हिणवले, म्हणून शिकलेल्या घरांतून ते हळूहळू हद्दपार होऊ लागले. गोवंशाच्या मांसावर महाराष्ट्रात २०१५ पासून बंदी आहे, त्यामुळे स्वस्त प्रथिनांचा एक मार्गही बंद झाला. पण कलेजीत लोह भरपूर असते, जवळ्यात कॅल्शियम असते, हे शास्त्र सांगते. सुकी मासळी चांगली धुऊन खारटपणा काढा. कलेजी आठवड्यातून एकदा थोडी पुरते. गरोदर बाईने मात्र ती डॉक्टरांना विचारूनच खावी. कोणाला मांसाहार नको असेल तर तोही त्याचा अधिकार आहे. त्याने डाळ, शेंगदाणे, दही वाढवावे.

शेवटी कोण जेवते?

आम्ही घरोघरी जातो तेव्हा एकच चित्र दिसते. घरातली बाई सगळ्यांना वाढून शेवटी बसते, आणि तिच्या वाट्याला भात व तळाचा रस्सा येतो. अंडी दोनच असली तर ती मुलाला आणि बापाला. पाळी येणाऱ्या मुलीला आणि गरोदर सुनेला लोहाची गरज जास्त, आणि वाटा सर्वांत कमी! समतेची सुरुवात संविधानाच्या पुस्तकापासून होते तशी ती चुलीपासूनही झाली पाहिजे. सगळ्यांनी एकत्र बसा, कालवण आधीच सारखे वाटून घ्या. याला एक पैसाही लागत नाही.

आळवी गावात एक गरीब शेतकरी हरवलेला बैल शोधून उपाशीपोटी धम्म ऐकायला आला, तेव्हा तथागतांनी आधी त्याला जेवू घालायला लावले आणि मग उपदेश केला. भुकेल्याला उपदेश कळत नाही, हे त्यांनी जाणले होते.

म्हणून येत्या पौर्णिमेला विहारात दोन कामे करू. मुलांना बिस्किटांऐवजी उकडलेले हरभरे आणि केळी वाटू. आणि वस्तीतील गरोदर, स्तनदा माता व सहा वर्षांखालील मुलांची यादी करून अंगणवाडीत कोणाचे नाव नाही ते पाहू. तिथला आहार हा अन्न सुरक्षा कायदा, २०१३ ने दिलेला हक्क आहे. नाव नसेल तर एकटीने जाऊ नका, पाचजणी मिळून जा.

जयभीम! नमो बुद्धाय!