झिका कळण्याआधीच पसरलेला असतो

ब्राझीलमध्ये झिकाचं निदान पहिल्यांदा पक्कं झालं ते मे 2015 मध्ये. वर्ष सरता सरता ईशान्येकडच्या राज्यांत, आईला गरोदरपणी झालेल्या झिकामुळे, लहान डोक्याची बाळं मोठ्या संख्येने जन्माला येऊ लागली. पण हा विषाणू देशात शिरला कधी, याचा छडा त्याच्या जनुकांवरून लागला.

जून 2016 मध्ये ब्राझील आणि ब्रिटनच्या संशोधकांनी एका मिनीबसमध्ये प्रयोगशाळा थाटली आणि ईशान्येतली शहरं पालथी घातली. जनुकं वाचणारं यंत्र तळहातावर मावेल एवढं. झिकाचा जनुकसंच साधारण 10,800 अक्षरांचा, पण रुग्णाच्या रक्तात विषाणू इतका थोडा असतो की लहान लहान तुकड्यांच्या भरपूर प्रती काढून ते जुळवावे लागतात. विषाणू पसरतो तसे त्यात बारीक बदल साठत जातात, बऱ्याच अंशी ठरावीक वेगाने. वेगवेगळ्या नमुन्यांतले बदल ताडून पाहिले की त्यांचा मूळ विषाणू किती जुना, हे काढता येतं. उत्तर निघालं, फेब्रुवारी 2014. म्हणजे वर्षभराहून अधिक काळ झिका पसरत होता आणि कुणाला पत्ता नव्हता. डॉक्टर म्हणून मला हीच गोष्ट सर्वांत अस्वस्थ करते.

पाचपैकी चार जणांना झिकाची लक्षणंच नसतात. उरलेल्यांना बारीक ताप, पुरळ, लाल डोळे, सांधेदुखी. डेंग्यूशी सहज गल्लत व्हावी अशीच. आपल्याकडे 2021 मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला आणि 2024 मध्ये पुणे शहरात रुग्ण सापडले, तेव्हा हा धोका लांबचा नाही.

म्हणून रुग्ण सापडल्याची बातमी येईपर्यंत थांबू नका. झिका पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो. गरोदर बाईने दिवसाही अंगभर कपडे घालावेत. आठवड्यातून एकदा पिंप, कूलर, फ्रिजमागचा ट्रे नुसता ओतू नका, आतून घासा. अंडी कडेला चिकटतात आणि कोरडी पडूनही कित्येक महिने तग धरतात. झिका शरीरसंबंधातूनही पसरतो. लागण झालेल्या किंवा साथीच्या भागातून आलेल्या पुरुषाने तीन महिने निरोध वापरावा. पत्नी गरोदर असेल तर बाळंतपणापर्यंत. डेंग्यू नाही हे ठरेपर्यंत तापाला फक्त पॅरासिटामॉल घ्या. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन नको.

आणि गरोदरपणात तापासोबत पुरळ उठलं, तर ‘साधं व्हायरल असेल’ म्हणून घरी बसू नका. पहिल्या आठवड्यातच डॉक्टरांना गाठा आणि रक्ताबरोबर लघवीचीही झिकासाठी तपासणी करायची का, हे स्वतःहून विचारा.