आधी कागद, मग किक

घरातल्या सगळ्यांनी मिळून पडवीतली बंद चेतक पुन्हा चालू करायचं ठरवलंत, याचा मला मनापासून आनंद झाला. आपल्या वसईत अजून कितीतरी घरांत अशा स्कूटर ताडपत्रीखाली उभ्या आहेत. पहाटेच्या गाडीला फुलांच्या करंड्या आणि भाजीचे भारे स्टेशनवर पोचवताना त्यांनी घरं चालवली. चेतक १९७२ साली आली आणि पुढे तीन दशकांहून जास्त काळ बनत राहिली, त्यामुळे वायरी, लायनर, प्लग, पॅकिंग हे सगळं आजही मिळतं. माझं सांगणं एकच आहे. बंद गाडी पैशाने चालू होत नाही, क्रमाने होते. क्रम सोडला की मोठा खर्च निघतो आणि गाडी तिथेच राहते.

पाना हातात घेण्याआधी कागद बघा. आरसी बुकावरचा चेसिस नंबर बॉडीवरच्या नंबराशी आणि इंजिन नंबर इंजिनावरच्या नंबराशी जुळवा. पालघर जिल्हा २०१४ साली झाला. त्याआधीच्या बऱ्याच जुन्या गाड्या ठाण्याच्या एमएच-०४ च्या, १९८९ पूर्वीच्या तर त्याहून जुन्या पद्धतीच्या नंबराच्या. अशा गाडीची नोंद संगणकावर आहे का, ते आधी वसईच्या आरटीओत विचारा. गाडी आजोबांच्या नावावर असेल आणि ते नसतील, तर वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ लागतो. पंधरा वर्षं उलटल्यावर नोंदणीचं नूतनीकरण एका वेळी पाच वर्षांचं होतं आणि त्यासाठी गाडी नेऊन दाखवावी लागते. कागद उभे राहणार नसतील तर रंगावर पैसा घालू नका.

काम पावसाळ्यानंतर काढा. दसऱ्याला गाडीला हार घाला आणि सुरुवात करा. आषाढ-श्रावणात आपल्याकडे उघडं लोखंड रात्रीत तांबूस होतं. शेवटपर्यंत कोरडी हवा मिळाली पाहिजे.

उघडण्याआधी फोटो, मग पिशवी. हे काम घरातल्या सगळ्यात लहान मुलांना द्या. प्रत्येक नट-बोल्ट वेगळ्या पिशवीत, वर चिठ्ठी: ‘कार्बोरेटर’, ‘मॅग्नेट’, ‘पुढचं चाक’. वायरिंग सोडवण्याआधी प्रत्येक जोडाचा फोटो. ज्याने पिशवी भरली त्यानेच ती परत रिकामी करायची, म्हणजे मन लागतं.

जाम इंजिनाला किक मारू नका. जोर लावलात तर किकचे दाते जातील. प्लग काढा, भोकातून थोडं इंजिन ऑइल आणि डिझेल सोडा आणि रात्रभर राहू द्या. दुसऱ्या दिवशी गाडी न्यूट्रलला ठेवून, पंख्याचं कव्हर काढून मॅग्नेट हाताने मागेपुढे हलवा. बोटभर हलला की थांबा, पुन्हा तेल सोडा. धीराने बहुतेक इंजिनं मोकळी होतात. नाहीच झालं, तर हेड-सिलिंडर उतरवून लेथवाल्याकडे न्या. बोअर मारून पुढच्या साईजचा पिस्टन टाकावा लागेल. वालीव-सातिवलीकडे लेथवर बसणारे कसबी हात आहेत. मुलांना सोबत न्या, मोजमाप कसं घेतात ते बघू द्या.

२०१८ च्या जुलैसारख्या पुराच्या पाण्यात गाडी बुडालेली असेल, तर सगळ्यात आधी गिअर ऑइल काढून बघा. दुधासारखं पांढरट आलं तर आत पाणी गेलंय. मग इंजिन उघडल्याशिवाय गत्यंतर नाही.

मग ठिणगी. या गाडीची ठिणगी मॅग्नेटवर तयार होते, बॅटरी नसली तरी चालतं. नवा प्लग टोपीत घाला, त्याचा धातू इंजिनाला टेकवा आणि किक मारा. जवळपास उघडं पेट्रोल नको. निळी, टणक ठिणगी आली तर पुढे चला. पिवळी, मरगळलेली आली तर पॉइंट बारीक पॉलिश पेपरने घासा, फट साधारण ०.४ मिलिमीटर ठेवा, कंडेन्सर बदला. कॉइलचा खर्च त्यानंतर.

मग पेट्रोल. टाकीतलं जुनं पेट्रोल वासानेच कळतं, वार्निशासारखं येतं. ते पूर्ण काढा, टाकी धुऊन वाळवा. काढलेलं पेट्रोल किंवा काळं तेल बावखलात, विहिरीजवळ, गटारात अजिबात ओतू नका. आपली वाडी त्याच पाण्यावर जगते. डब्यात भरून जुनं ऑइल घेणाऱ्या गॅरेजला द्या. कार्बोरेटरच्या जेटमध्ये तार खुपसू नका, भोक मोठं होतं. हवेनेच फुंका. पाइप आणि रबरी वॉशर नवेच टाका, कारण आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि ते जुनं रबर फुगवतं.

जुन्या टू-स्ट्रोक चेतकला लिटरमागे २० मिली टू-टी ऑइल मापून घालायचं. पिस्टन आणि क्रँकला दुसरं वंगण नाही. नुसतं पेट्रोल घातलंत तर इतक्या दिवसांची मेहनत एका फेरीत जाम होईल.

चालू झाल्यावर कान द्या. आयडलिंगला उभी राहत नाही, आपोआप रेस वाढते, तर मॅग्नेटकडच्या ऑइल सीलमधून हवा शिरतेय. पांढरा धूर थांबत नाही आणि गिअर ऑइल कमी होतंय, तर क्लचकडचं सील गेलंय. वर्षानुवर्षं उभ्या गाडीत ही सीलं कडक होतात, दोन्ही एकदमच बदला. इंजिन चालतंय पण ओढत नाही, तर सायलेन्सर उतरवून कार्बन खरवडा.

ब्रेक आधी, रंग शेवटी. मुलं रंगासाठी घाई करतील. त्यांना समजवा. लायनर, ब्रेकच्या वायरी, दोन्ही टायर आणि स्टेपनी नवी झाल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर जाता कामा नये. टायरची नक्षी चांगली दिसली तरी बगलेला तडे असतात, वाकवून बघा. मग पत्र्याकडे वळा. पाय ठेवायच्या जागेवरची रबरी मॅट उचला. अर्नाळा, राजोडी, नायगावकडची खारी हवा सगळ्यात आधी तिथे पत्रा खाते. टोचणीने दाबून बघा. टोचणी आत गेली तर तिथे नवा पत्रा जोडा. लांबी भरून भोक झाकू नका, रंगाखाली गंज चालूच राहतो. आणि वेल्डिंगच्या वेळी टाकी गाडीवर नको, उतरवून लांब ठेवा.

पहिले पाचशे किलोमीटर सांभाळून. नवा पिस्टन टाकला असेल तर चढावर रेटू नका, डबल सीट नको, मधूनमधून थांबून इंजिन गार होऊ द्या. विमा, पीयूसी, हेल्मेट यांत सूट नाही, गल्लीतल्या फेरीलाही नाही.

उभी ठेवू नका. उभी गाडीच सडते. आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी निर्मळ-भुईगावपर्यंत चक्कर मारून आणा. पाळी लावा, म्हणजे घरातल्या प्रत्येकाला किक, गिअर आणि आवाज ओळखीचा राहील. किनाऱ्यावरून आल्यावर गोड्या पाण्याने खालून धुवा. पावसाळ्यात गाडी बंद ठेवायची असेल तर टाकी रिकामी करा, पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू द्या, प्लगच्या भोकातून चमचाभर तेल सोडा. एवढं केलंत तर पुढच्या दसऱ्याला हार घालायला गाडी तयार असेल आणि पाना शोधावा लागणार नाही.