हातातील स्थानदर्शक यंत्र : निवड कशी करावी?

लखनऊच्या उत्तरेस, सीतापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, बख्शी का तालाब हे गाव आहे. भोवती सपाट शेते व आंब्याच्या दाट बागा असून पश्चिमेकडून गोमती वाहते. सह्याद्रीत एखादे शिखर ओळखले की दिशा सापडते. येथे मात्र पौष-माघातील दाट धुक्यात एकही खूण दिसत नाही आणि नेहमीचा वाटसरूही बांधावरून भरकटतो. अशा वेळी जी. पी. एस. हे स्थानदर्शक यंत्र उपयोगी पडते, कारण रेडिओलहरींना धुक्याचा अडथळा होत नाही. परंतु बाजारातील अनेक यंत्रांपैकी कोणते घ्यावे, हे ठरविण्यापूर्वी त्याचे कार्य समजून घेतले पाहिजे.

सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह आपले स्थान आणि अचूक वेळ रेडिओलहरींनी सतत कळवीत असतात. लहर पोहोचण्यास लागलेल्या वेळावरून त्या उपग्रहाचे अंतर निघते. तीन अंतरांवरून स्थान ठरते. परंतु हातातील यंत्राचे घड्याळ साधे असल्याने त्याची चूक काढण्यास चौथा उपग्रह लागतो. सेकंदाच्या एक अब्जांशाइतकी चूक म्हणजे अंतरात ३० सेंटिमीटरांचा फरक होय.

आता निवडीकडे वळू. पहिली कसोटी आकाशाची. वातावरणाच्या वरच्या भागात विद्युत्‌भारित कणांचा थर आहे. त्यास आयनांबर म्हणतात. त्यातून येताना लहरींस विलंब होतो. विषुववृत्ताजवळ निर्माण होणारे हे कण उत्तरेस व दक्षिणेस सरकून दोन पट्ट्यांत दाटतात, आणि लखनऊ उत्तरेकडील पट्ट्याजवळ आहे. हा विलंब निरनिराळ्या कंपनसंख्यांच्या लहरींस निरनिराळा होतो. म्हणून एल-१ व एल-५ अशा दोन्ही लहरी घेणारे यंत्र त्यांच्या तुलनेने विलंबाचा बहुतेक भाग वजा करू शकते. या प्रदेशात तसे यंत्र अधिक भरवशाचे ठरते.

दुसरी कसोटी जमिनीची. दाट आमराईत ओल्या पानांमुळे लहरी क्षीण होतात. सह्याद्रीच्या घळीत कडे आकाशच झाकतात. अशा ठिकाणी एकाहून अधिक देशांचे उपग्रह ऐकणारे यंत्र घ्यावे, म्हणजे उघड्या आकाशाच्या तुकड्यातही पुरेसे उपग्रह सापडतात. भारताच्या ‘नाविक’ मालिकेतील पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी सोडण्यात आला.

तिसरी कसोटी वापराची. दूरच्या प्रवासात बदलता येणारे विद्युत्‌घट सोयीचे. ओल्या हातांनी काचेच्या पडद्यापेक्षा बटणे बरी. आय. पी. एक्स. ७ ही खूण असलेले यंत्र एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकते. नकाशा आधीच यंत्रात भरून घ्यावा. साधे जी. पी. एस. यंत्र केवळ ऐकते. उपग्रहाद्वारे संदेश पाठविणारी यंत्रे निराळी असून सरकारी परवानगीवाचून ती आपल्या देशात वापरता येत नाहीत.

सर्वांत मोठा धोका मात्र यंत्रात नसून वाचनात असतो. बख्शी का तालाब सुमारे २६ अंश ५९ मिनिटे उत्तर अक्षांशावर आहे. एका अंशाची मिनिटे ६०. म्हणून दशांश पद्धतीने हीच संख्या २६.९८ होते. घाईत कोणी ती २६.५९ अशी कळविली, तर स्थान ४३ किलोमीटरांहून अधिक दक्षिणेस, लखनऊ शहराच्याही पलीकडे जाते. संकटात सापडलेल्या माणसाचा शोध मग चुकीच्या गावी सुरू होईल. तसेच भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे एव्हरेस्ट गोलाभावर, तर जी. पी. एस. डब्ल्यू. जी. एस. ८४ या मापनावर आधारलेले आहे. ही निवड यंत्रात जुळविली नाही, तर शंभर मीटरांहून अधिक फरक पडू शकतो.

करून पाहा : शाळेच्या मैदानातील एक ठरावीक जागा निवडा. सकाळी, दुपारी व सूर्यास्तानंतर असे तीन दिवस तेथील आकडे लिहा. नंतर झाडाखाली हीच नोंद करा. अक्षांशातील ०.००१ अंशाचा फरक म्हणजे सुमारे १११ मीटर, हे धरून आकड्यांतील अंतर काढा. आपले यंत्र किती चुकते हे ज्यास ठाऊक आहे, त्यालाच त्यावर किती विसंबावे हे कळते.