जीपला ट्रॅक्टरची चाके बसतील का?

पावसाळ्यात मळ्याच्या वाटेवरची काळी माती लोण्यासारखी होते. जीप रुतून बसते, पण ट्रॅक्टर निघतो. मग दुधाचे कॅन ट्रॅक्टरवर, आजारी माणूससुद्धा ट्रॅक्टरवरच. म्हणून मोठी माणसं म्हणतात, "जुन्या जीपला ट्रॅक्टरची चाकं लावा की!" ती लावता येतील का, ते आपण पाहू.

टायरवरचे आकडे
जुन्या जीपच्या टायरवर ६.००-१६ असे असते. पहिला आकडा रुंदीचा, दुसरा रिमच्या व्यासाचा. दोन्ही इंचात. ट्रॅक्टरच्या पुढच्या टायरवरही पुष्कळदा हेच आकडे असतात. पण त्यावर नुसत्या गोल रेघा असतात. त्या गाडी वळवायला उपयोगी, चिखलातून ओढायला नाही. ओढणारे टायर मागचे. त्यावर १३.६-२८ असे काही लिहिलेले असते. ते जीपच्या १६ इंची रिमवर बसत नाहीत. रिमही मोठी लागते.

ट्रॅक्टर का रुतत नाही?
१) चाक रुंद व मोठे असते. वजन जास्त जागेवर पसरते. चिखलात नुसता पाय ठेवा, मग फळीवर ठेवा. फरक लगेच कळतो.
२) टायरला उंच दाते असतात. ते मातीत घुसून मागे रेटतात, म्हणून गाडी पुढे जाते.
३) दाते तिरपे असतात. त्यामुळे चिखल बाजूला पडतो. टायरवर बाण असतो. उलटा बसवला तर चिखल दात्यांत भरून राहतो.

मोजून पाहा
चाकाभोवती दोरी गुंडाळून मोजा. जीपचे चाक सुमारे २.३ मीटर भरते, ट्रॅक्टरचे मागचे सुमारे ४.१ मीटर. म्हणजे एका फेऱ्यात जीप पावणेदोन पट पुढे जाईल. काटा २० दाखवील तेव्हा खरा वेग ३५ असेल!

अडचणी
पाण्याची बादली अंगाजवळ धरली तर हलकी वाटते. काठीच्या टोकाला लावली तर हात भरून येतो. मोठे चाक फिरवताना ॲक्सलवर असाच ताण येतो आणि तो तुटू शकतो. ब्रेकही कमी पडतो. खड्ड्यात पाटे दबले की टायर मडगार्डला घासतो. गाडी उंच झाल्यामुळे उतारावर कलंडते. शिवाय ट्रॅक्टरचे टायर कमी वेगाचे असतात. टायरवर 'ए ८' असेल तर ताशी ४० किलोमीटरच्या वर पळवायचा नसतो. जोरात पळवला तर तापतो.

खरे उदाहरण
ब्रिटनमध्ये १९६० नंतरच्या काही वर्षांत जंगल खात्याच्या कामासाठी लँड रोव्हर गाडीला २८ इंची रिमचे ट्रॅक्टर टायर बसवले होते. ओंडके, चर, दलदल यांतून जायचे होते. पण नुसते टायर नाही बदलले! कलंडू नये म्हणून ॲक्सल रुंद व भक्कम केले. गाडी हळू चालायची, पण जंगलातल्या कामाची होती.

मग आपण काय करावे?
आपल्याकडे कंपनीने दिलेल्या गाडीत असा बदल करून ती रस्त्यावर आणायला १९८८ च्या मोटार वाहन कायद्याची मनाई आहे. म्हणून जीपला तिच्याच मापाचे खोल दात्यांचे टायर घ्यावेत. चारही चाकांची ओढ असेल तर रुतायच्या आधीच टाकावी. आणि सगळ्यांत चांगले म्हणजे वाटेवर मुरूम टाकावा. मग जीप, सायकल, बैलगाडी सगळेच जाईल. आजारी माणसाला ट्रॅक्टरवर हादरे खात जावे लागणार नाही.

अंथरूण पाहून पाय पसरावे, तसे गाडी पाहून चाक निवडावे.

सांगा पाहू :
१) १३.६-२८ यातला २८ कशाचा?
२) टायरवर बाण का असतो?
३) काटा ४० दाखवतो, तर मोठ्या चाकांच्या जीपचा खरा वेग किती?

— इयत्ता चौथी